तिसरा हात

टिमकीच्या वस्तीत कवडूला कवडू म्हणणारी माणसं फार थोडी. बाकी सगळ्यांचा तो ‘मोरवाला’. मोर काही त्यानं पाळला नव्हता. तेवढी हौस त्याच्यात उरलीही नव्हती. तो मिलच्या घडी खात्यात कामाला होता. साच्यावरून, म्हणजे मिलच्या यंत्रमागावरून, उतरलेलं ठाण लाकडी चौकटीवरून उजेडात सोडायचं, दोष पाहायचे, घडी घालायची आणि शेवटच्या पदरावर मिलचा मोराचा छापा मारायचा. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत हेच. शाईची गादी, लाकडी ठसा, आणि धप्प! त्याच्या उजव्या हाताच्या नखांतली निळी शाई सणासुदीलाही निघत नसे. वस्तीतली पोरं त्याला वाटेत अडवून विचारायची, "मोरवाले काका, आज किती अंडी घातली मोरानं?"

पोरांना काय माहीत! कवडू रामाजींचा मुलगा होता, आणि रामाजी म्हणजे कोण हे ज्याला ठाऊक होतं तो हसत नसे. सागवानी माग बैलगाडीत घालून हा कोष्टी उमरेडहून नागपुरात आला, आणि चार वर्षांत महाल भागातल्या मोठमोठ्या घरांची माणसं त्याच्या दारात चपला काढून बसायला लागली. रामाजी करवतकाठी लुगडं विणायचे. ते येरागबाळ्याचं काम नव्हे. दोन काठांना आडवा धागा नेणारे दोन धोटे, मधल्या अंगाला तिसरा. काठ आणि अंग जिथं एकमेकांना धरतात तिथं करवतीसारखे दात उठतात. एक दात चुकला की पुढची सगळी रांग दारू प्यायल्यासारखी चालते. रामाजींचा दात चुकलेला कुणी पाहिला नव्हता, आणि ते स्वतःही हे चारचौघांत सांगायला लाजत नसत.

एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत रामाजी गेले. मागावर लुगडं तसंच राहिलं, अठरा हातांतलं चौदा हात विणून झालेलं. ते विकायचं लुगडं नव्हतं. "जनमभर लोकायच्या सुनांची लुगडी विणली, आता एक माह्या सुनेसाठी," असं म्हणून म्हाताऱ्यानं ते मागावर चढवलं होतं. बापाच्या पश्चात कवडूनं ते पुढं न्यायचा प्रयत्न केला. एक हात, वर चार बोटं, एवढं विणलं. पण तोवर दुकानांतून मिलच्या कापडाचे ढीग लागले होते आणि करवतकाठी मागणारी घरं विचारायला येईनाशी झाली होती. कवडू मिलमध्ये लागला. जाण्याआधी त्यानं, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, मागावर गोणपाट घातलं आणि फळ्यांवर गोधड्यांची चळत रचली. त्या दिवसापासून तो त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

पाठ केली म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. दर दसऱ्याला तर ती जास्तच असायची. कोष्ट्यांच्या घरी त्या दिवशी मागाची पूजा होते, आणि पूजा झाली की चार बोटं तरी कापड विणलंच पाहिजे असा रिवाज. रामाजी म्हणायचे, "दसऱ्याले ज्या घरचा माग बोलत नाही, त्या घरचा विणकर मेला समजा." वस्तीभर त्या सकाळी माग खडखडत असत. म्हणून कवडू दसऱ्याला पहाटेच अंघोळ करून मिलकडे निघायचा. तिथं इंजिनाला झेंडूचे हार घालत, नारळ फुटत, आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून वेळ काढता येई. अकरा दसरे त्यानं असेच चुकवले.

घडी खात्यात त्याला मान होता, हेही सांगायला हवं. मान होता तो डोळ्याला. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, रुपराव स्वतः जुन्या कोष्टी घरातला, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. मिलमध्ये कुणी नवा आला की रुपराव त्याला मुद्दाम कवडूसमोर उभा करायचा आणि चौकटीवर एखादं ठाण सोडायचा.

"सांग गा कवडू, कोनाचं हाये?"

कवडू मान वर न करता सांगायचा. "सत्तावीस नंबरचा साचा. मानूस डावखोरा हाये. इथं साचा थांबला होता, मंग पुन्हा चालू केला. हे पाय पट्टी."

साचा थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी एक फिकी पट्टी उमटते. दहा माणसांतल्या नऊ जणांना ती दिसत नाही. कवडूला ती अशी दिसायची जशी तुम्हाआम्हाला वाटेतली गाय दिसते. पट्टीच्या अलीकडे माणूस कसा होता, पलीकडे कसा झाला, चिडला होता की दमला होता, हेही तो सांगायचा. रुपराव मिशी पिळून नव्या माणसाकडे बघायचा, जणू हा डोळा त्यानंच कवडूला बसवून दिला होता.

कवडूला मात्र त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "दुसऱ्याच्या चुका दिसतेत, हे काय मोठेपन हाये का बाप्पा?" तो म्हणायचा. त्याच्या डोळ्यानं दोष निघाला की साच्यावरच्या एखाद्याची रोजी कापली जायची, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी नमस्कार करायचा बंद व्हायचा. विणकराच्या पोटी जन्मून विणकरांचा पोलीस झालो, असं त्याला वाटे. कधीकाळी तो रोज सकाळी अंघोळीनंतर हात जोडून मगच कामाला निघायचा. आताशा हात जोडायचंही सोडलं होतं. देवापुढं जाऊन मागायचं काय, अजून मोर?

तरी एका गोष्टीवर त्याचा आतून भरवसा होता. मिल ही चार दिवसांची, हात आपला आहे. मनात आलं की उद्याही खड्ड्यात पाय सोडून बसेन. हा भरवसा त्यानं कधी तपासून पाहिला नव्हता, म्हणून तो टिकला होता.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. दुपारी साचे खात्यातला एक नवा विणकर एक ठाण घेऊन आला. काठाचा धागा तुटून लोंबत होता. "मोरवाले भाऊ, तुमी जुने कोष्टी. मारून द्या ना एक गाठ," तो म्हणाला. विणकराची गाठ म्हणजे डोळे मिटून मारायची गोष्ट. रामाजी बोलता बोलता एका हातानं मारायचे. कवडूनं धाग्याची दोन टोकं चिमटीत धरली, वळवली, ओढली. गाठ सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. शाईनं निबर झालेल्या बोटांना धागा लागतच नव्हता. तिसऱ्यांदा धागाच तुटला.

"रायू द्या," तो पोरगेला माणूस हसून म्हणाला. "मोर मारा तुमी."

त्यानं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण कवडूच्या कानशिलावर कुणी ठसाच मारला जणू. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर तो टिमकीला न जाता सरळ लकडगंजला गेला. तिथं ताराचंद नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याची वखार होती. जुनं, मुरलेलं सागवान दिसलं की ताराचंदच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि रामाजींच्या मागावर त्याचा डोळा जुनाच होता. बोली दोन वाक्यांत उरकली. रविवारी गाडी येईल असं ठरलं.

"मन बदलणार तं नाही ना?" ताराचंदनं विचारलं.

"मन असन तं बदलन," कवडू म्हणाला.

घरी येऊन त्यानं भागीरथेला सांगितलं. भागीरथा त्याची बायको; कमी बोलणारी, पण कमी ऐकणारी नव्हे. चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबला.

"काहून?" तिनं विचारलं.

"जागा अडते. शामला मोठी होऊन राहिली, तिले झोपाले कोपरा नाही."

"शामला तक्रार करून राहिली का?"

चौदा वर्षांची शामला दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान खाली घातली आणि सुपातल्या एकाच दाण्याकडे फार वेळ बघत बसली.

"मी सांगून राहिलो ना," कवडूचा आवाज चढला. "कोनासाठी ठेवायचा? माह्या हाताले आज गाठ आली नाही. साधी गाठ! आबा असते तं खड्ड्यात जीव दिला असता. विणकर मेला त्या घरातला. आता लाकूड काय छातीवर घेऊन बसू?"

भागीरथेनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "विका. तुमच्या बापाचा माग, तुमचा हक. पन दोन गोष्टी करा माह्यासाठी. फळ्या तुमीच काढा, गाडीवाल्याले हात लावू देऊ नका. अन् धागे दिवसाउजेडी कापा. आबांच्या हातचे धागे हायेत ते."

एवढंच. ती भांडली असती तर कवडूला बरं वाटलं असतं. भांडणात माणूस आपली बाजू पक्की करून घेतो. तिनं ती सोयच ठेवली नाही.

रविवारी सकाळी ऊन दारातून आत आलं तसा तो उठला. गोधड्यांची चळत बाजूला केली, गोणपाट ओढलं. धुळीचा लोट येईल म्हणून त्यानं तोंडावर पंचा धरला होता. धूळ आली नाही. त्यानं पंचा खाली घेतला आणि कपाळाला आठी घातली. अकरा वर्षं झाकलेला माग, आणि त्यावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ! लाकडाला तेलाचा वास येत होता. ‘हिनं पुसला असन,’ असं म्हणून त्यानं फळ्या काढल्या आणि कात्री हातात घेतली.

आता इथं एक सांगायला हवं. दुसरा कुणी असता तर त्यानं फणीपुढचे धागे कचाकच कापले असते आणि मोकळा झाला असता. पण घडी खात्यातल्या माणसाला कापड न पाहता कापता येत नाही. अकरा वर्षांची ती खोड. कवडूनं न कळत रुळावर गुंडाळलेलं लुगडं थोडं सोडलं, दाराच्या उजेडासमोर ताणून धरलं, आणि सवयीनं नजर खालून वर नेऊ लागला.

आधी बापाचा हात आला. घट्ट, गंभीर, प्रत्येक दात पंगतीत बसलेल्या माणसासारखा. मग एक पट्टी. माग थांबला होता तिथं, मानमोडीच्या साथीत. त्यापुढं त्याचा स्वतःचा हात. तरणा, जरा घाईचा, पण वाईट नाही. ‘वाईट नव्हता गा तू,’ तो मनात म्हणाला. एक हात आणि चार बोटं. मग पुन्हा पट्टी. आणि इथं कापड संपायला हवं होतं.

कापड संपलं नव्हतं.

पट्टीच्या पुढं कापड होतं. कवडूनं डोळे चोळले. पुढचे दात वेडेवाकडे होते, एक लहान, एक मोठा, एक तर चक्क उताणा. नवशिक्याचा हात. पण चार बोटं झाली की पट्टी. माग थांबलेला. नुसता थांबलेला नव्हे, फार दिवस थांबलेला. पट्टीवरचा रंग विटला होता. पुन्हा चार बोटं, पुन्हा पट्टी. त्यानं बोटानं मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी दात उताणे पडायचे थांबले. पाचव्या वेळी उजवा काठ सुधारला, डावा अजून ढिला. विणणारा एकटाच होता. इकडचा धोटा टाकून उठून तिकडं जात होता, हे कापडच सांगत होतं. सातव्या वेळी कुठं तरी उंदरानं धागे कुरतडले असावेत. तिथं एका ओळीत बारीक गाठी होत्या, विणकराच्या गाठी, एकही सुटलेली नाही. आठ, नऊ, दहा.

अकरावी चार बोटं ताजी होती. रेशीम अजून चमकत होतं. कवडूनं ती उजेडात धरली, तिरपी केली, उलटी केली, दोष शोधला. रुपरावनं नव्या माणसासमोर शोधायला लावला असता तसा शोधला. मग खाली जाऊन बापाच्या हाताशी ताडून पाहिली. परत वर आला. दात जिथल्या तिथं होते. दोन काठांत अर्ध्या सुताचाही फरक नव्हता.

चार बोटं, अकरा वेळा. वर्षाला एक. कोणत्या दिवशी, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो ज्या दिवशी पहाटे घरातून पळून जायचा, त्या दिवशी.

त्यानं मान वळवली. भागीरथा चुलीपाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. शामला तिच्या मागं लपली होती. बाईमाणसानं धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरावं, उभ्या धाग्यांचा ताणा करू लागावा, पण खड्ड्यात पाय सोडून विणायला बसू नये, असा वस्तीचा दंडक. अकरा वर्षं मोडला होता तिनं तो, दार लावून.

"हे काय हाये?" कवडूनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मारायचं तं मारा," भागीरथा म्हणाली. "पन पोरीले काही म्हनू नका. ती फक्त दारात बसे."

"मी इचारून राहिलो, काहून केलं?"

भागीरथेनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आबा काय म्हनत? दसऱ्याले ज्या घरचा माग बोलत नाही, त्या घरचा विणकर मेला समजा. तुमी तं जिते होते जी. मोर मारत होते, पन जिते होते. मंग माग गप कसा ठेवू मी? पहिल्या साली वाटलं, औंदा बोलवते माग, पुढच्या साली हे बसतीन. मंग वाटलं, त्याच्या पुढच्या साली. तवरोक कोनी तं जागा धरून ठेवाले पायजे ना."

कवडू खाली बसला. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की आपल्याला कुणी विचारत नाही, की आपल्यातला विणकर मेला तेव्हा रडायलाही कुणी आलं नाही. आणि इथं चार हातांच्या अंतरावर त्याची बायको दर वर्षी त्याच्या जिवंतपणाची ग्वाही विणत होती. देवावरचा विश्वास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. पण रडण्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती जास्त जोरात वर येत होती. ती होती ऐट. रामाजींची ती जुनी, न लाजणारी ऐट.

"शामले," तो म्हणाला, "हे दहावं साल पाय. अन् हे अकरावं. दिसते का तुले काही?"

"नाही बाबा. सारखंच दिसते."

"सारखं नाही वं! दहाव्यात अजून भीती हाये. कोनी दार ठोठावन अशी. अकराव्यात भीती गेली. सांगू का मी काय सांगून राहिलो? तुह्या मायचा हात आबांच्या हाताले लागला. आख्ख्या टिमकीत हे कोनाले दिसनार नाही. मले दिसते. माह्या डोळ्याले दिसते!"

आणि हे बोलताना त्याला पहिल्यांदा कळलं की हा डोळा त्याला कुणी दिला. बापानं नाही. रामाजींना आपलं कापड कळायचं. दुसऱ्याचं पाहायला त्यांना फुरसत नव्हती. घडी खात्यात लाखो वार कापड डोळ्यांखालून गेलं, म्हणून आज बायकोची अकरा वर्षं त्याला वाचता आली. ज्या नोकरीला तो रोज शिव्या घालत होता तिनं गपचूप त्याच्या पदरात एवढं टाकून ठेवलं होतं.

तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. ताराचंद स्वतः आला होता, सोबत दोन हमाल.

"मोकळा केला का माग?" त्यानं दारातूनच विचारलं.

"नाही जी, शेटजी. अन् करतही नाही. बोली मोडतो. शबद मोडल्याचं पाप माह्यावर."

ताराचंद चिडला. चिडायचाच, लकडगंजापासून बैल हाकत आणले होते. व्यापारात शब्दाला काय किंमत असते, इथपासून त्यानं सुरुवात केली. कवडूनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि त्याचं संपल्यावर म्हणाला, "शेटजी, चहा घ्या. अन् घेताघेता हे पाहा." ताराचंदला लाकूड कळायचं, कापड कळत नव्हतं. तरी ज्याला मुरलेलं सागवान ओळखू येतं त्याला मुरलेला हात थोडाबहुत कळतोच. त्यानं चष्मा लावला, काठावरून बोट फिरवलं. कपातला चहा बशीत ओतून संपवला. जाताना गाडीवानाला म्हणाला, "चल, रिकामी घे. बैलायची फिरस्ती झाली म्हणायची."

गाडी गल्लीच्या बाहेर पडली, तोवर शेजारपाजारचे चार लोक दारात जमले होते. मोरवाल्याकडून लाकडाची गाडी रिकामी गेली ही बातमीच होती. कवडूनं दार लावलं नाही. उलट दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"भागीरथे, बस," तो खड्ड्याकडे हात करून म्हणाला.

"लोक पाहून राहिले जी!"

"म्हनूनच बस. एवढी वर्सं दार लावून विणलं, आता उघडून विण. डाव्या काठाचा धोटा मी धरतो. कांड्याही मीच भरतो."

दारातल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. बाई खड्ड्यात, पुरुष कांड्यांवर. असं टिमकीत कुणी पाहिलं नव्हतं. कवडूनं त्याच्याकडे बघून रामराम केला आणि शाईच्या नखांनी रहाट फिरवायला घेतला. भागीरथेनं आधी मागाला हात जोडले. तिचं पाहून कवडूनंही जोडले. मग तिनं खड्ड्यात पाय सोडले, आणि अकरा वर्षांनी तो माग दसऱ्याखेरीज बोलला.

लुगड्याचा एक हात, म्हणजे चोवीस बोटं, विणायचा उरला होता. एकटीला अजून सहा वर्षं लागली असती. दोघांना तो रविवार आणि पुढच्या पाच सकाळी लागल्या, भोंग्याच्या आधीच्या. पहिल्या दोन दिवशी कवडूचा धोटा अडखळला. तिसऱ्या दिवशी एक धागा तुटला, भागीरथा गाठ मारायला पुढं झाली, तर तो म्हणाला, "थांब." तीनदा सुटली ती गाठ. चौथ्यांदा बसली. लुगडं उतरवताना त्यानं रिवाजाप्रमाणे ताण्याचे हातभर धागे फणीत ठेवले. नवा ताणा येतो तो त्यांनाच जोडून.

सोमवारी तो मिलमध्ये गेला तेव्हा त्याच्या काखेत एक गाठोडं होतं. दुपारच्या सुट्टीत घडी खात्यातली माणसं भाकऱ्या सोडत होती. कवडूनं गाठोडं उघडलं आणि लुगडं चौकटीवर सोडलं. वरून काचेचा उजेड पडत होता. लाल रेशमाचा काठ खाली उतरायला लागला तशा भाकऱ्या हातातच राहिल्या. त्या चौकटीवर अशी वस्तू कुणी कधी पाहिली नव्हती.

"सांग गा रुपरावभाऊ," कवडू म्हणाला, "कोनाचं हाये?"

रुपराव मिशी सावरून पुढं आला. आज परीक्षा त्याची होती, आणि तो कोष्ट्याचा पोर होता. फार वेळ पाहात राहिला. "हे तुह्या बापाचं," तो शेवटी म्हणाला, आणि नकळत त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "हा हात मी लहानपनी पायला होता. इथून तुहा. मंग..." त्याचं बोट नवशिक्या दातांवरून, पट्टीपट्टीवरून सरकत खाली गेलं. शेवटच्या हातभर कापडाशी ते थांबलं. "डावा काठ तुहा वाटते. बाकी हा तिसरा हात कोनाचा गा? डाग नाही, दोष नाही. असा हात मी मिलमध्ये पायला नाही, भाईर पायला नाही."

कुणीतरी सवयीनं शाईची गादी आणि मोराचा ठसा पुढं सरकवला. कवडूनं तो अलगद बाजूला ठेवला.

"कोन्या गावचा मानूस हाये तो?" रुपराव विचारत होता. "सांग मले. उद्याच्या उद्या साच्यावर लावून घेतो."

कवडूनं लुगड्याची घडी घातली, आयुष्यात घातलेल्या सगळ्या घड्यांत सगळ्यात सावकाश. मग ताठ उभा राहिला आणि खात्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तो हात मिलमध्ये येत नाही, भाऊ. ती माही बायको हाये. भागीरथा नाव तिचं."